पोलिसापुरता का फुल?

आमच्या लातूरकडं गाडीच्या इन्शुरन्सचे दोनच प्रकार आहेत, एक पोलिसापुरता आणि एक फुल. पहिल्याला कागदावर थर्ड पार्टी किंवा लायबिलिटी ओन्ली लिहितात, दुसऱ्याला कॉम्प्रिहेन्सिव्ह नाहीतर पॅकेज, पण बोलताना कोण एवढं म्हणत बसतंय. आणि कुठला कधी घ्यायचा ह्याचा पण एक नियम गावोगाव ठरून गेलाय, कुणी ठरवला देव जाणे. गाडी नवीन आणि लोनवर आहे तोवर फुल, कारण फायनान्सवाला सोडतच नाही. लोन फिटलं, एनओसी आली की अजून एखाद-दोन वर्षं फुल, मग बंपरला चरे पडतात, दाराला पोचे येतात, मालकाचं मन गाडीवरनं उडतं आणि मग पोलिसापुरता. जुन्या गाडीला कशाला फुल, विकायला काढली तर दोन लाख येईनात.

हिशोब म्हणून बघितलं तर ह्यात वेडेपणा काही नाही. फक्त ह्या हिशोबात गाडी आहे, पोलीस आहे, बँक आहे, गाडीत बसणारी माणसं तेवढी नाहीत. आणि आमच्याकडं गाडी असते कशाला, तर माणसं न्यायलाच की. लग्नाला, मातीला, तुळजापूरला, नाहीतर कुणाला रातोरात सोलापूरच्या दवाखान्यात. गाडी एकाच्या नावावर असते पण बसायला सगळी भावकी.

मी हे बोलायलेय कारण मी एका वकिलांच्या ऑफिसात काम करते. अपघाताचे क्लेम, म्हणजे एमएसीटीच्या, मोटार अपघात न्यायाधिकरणातल्या केसेस, हे त्यांचं मुख्य काम. फायली लावणं, टायपिंग, तारखा, पक्षकारांना फोन हे सगळं माझ्याकडं. नवीन पक्षकार आला की पिशवीतनं कागद निघतात, एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पीएम रिपोर्ट, आरसी, लायसन, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढून फिकट झालेली, चार घड्या पडलेली पॉलिसी. सर बाकीचे कागद माझ्याकडं सरकवतात आणि पॉलिसी आधी स्वतः बघतात, त्यात पण पूर्ण बघत नाहीत. प्रीमियमचा तक्ता असतो, एका बाजूला ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान, आणि एका बाजूला लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याला द्यायची भरपाई. ओन डॅमेजची बाजू शून्य-शून्य असली की सर चष्मा काढून टेबलावर ठेवतात आणि एकच विचारतात, "मयत कुठल्या गाडीत होते?"

समोरची बाई पदर सावरत सांगते, आमच्याच दिराच्या गाडीत होते की, लग्नाहून येत होते. तिला कळत नाही की ह्या एका वाक्यानं केस कुठल्या कुठं गेली.

आधी थर्ड पार्टीची बाजू सांगते, कारण नाव पोलिसापुरता पडल्यामुळं लोक तिला उगंच हलक्यात घेतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 146 कलमानं ती सक्तीची आहे, नसली तर पहिल्यांदा 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा दंड 4,000. दंडाचं सगळ्यांना माहीत असतं. पण तुमच्या गाडीनं रस्त्यावरचा माणूस गेला किंवा जायबंदी झाला तर ह्या पॉलिसीत कंपनीला वरची मर्यादाच नाही, कोर्ट म्हणेल तेवढे द्यायचे, हे कुणी सांगत नाही. मर्यादा आहे ती दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला, खाजगी कारसाठी साडेसात लाख.

कोर्ट किती म्हणतं? समजा 28 वर्षांचा गवंडी आहे, महिन्याची कमाई 15,000, घरात बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई. वर्षाचे झाले 1,80,000. पुढं कमाई वाढली असती म्हणून त्यात 40 टक्के मिळवायचे, 2,52,000. त्याच्या जिवावर चार माणसं, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा काढायचा, राहिले 1,89,000. वय 28 म्हणून त्याला 17 नं गुणायचं. हे सुप्रीम कोर्टानं 2009 आणि 2017 च्या निकालांत घालून दिलेलं गणित, सर तोंडी करतात, मला अजून कॅल्क्युलेटर लागतो. उत्तर येतं 32,13,000, वर अंत्यविधी वगैरेचे वेगळे. पॉलिसी असली तर हे कंपनी भरते. नसली तर गाडीमालक, आणि त्यानं नाही भरले तर 174 कलमाखाली कलेक्टरकडं सर्टिफिकेट जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली लागते. चार एकरवाल्या माणसाला ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, तो तिथंच खाली बसतो.

आणि हे सगळं थांबवायला लागतात किती, तर 1000 सीसीपर्यंतच्या कारला वर्षाला 2,094, 1000 ते 1500 ला 3,416, त्याच्यावर 7,897, अधिक 18 टक्के जीएसटी. हे 2022 च्या जूनपासूनचे सरकारनं ठरवलेले दर, कुठल्याही कंपनीकडं जा, बेसिक थर्ड पार्टीला तेवढेच. तरी लोक तीन-तीन महिने पॉलिसी संपलेली गाडी पळवतात, आणि रस्ता बदलून जातात कारण चौकात चेकिंग आहे. असो.

तर तोच गवंडी घ्या, तेच वय, तीच कमाई. फक्त आता तो रस्त्यानं चालत नव्हता, तुमच्याच गाडीत मागं बसला होता, तुमचा चुलतभाऊ म्हणून. गाडी पुतण्या चालवत होता, रात्रीचे दोन-अडीच, लग्न उरकून परत येताना त्याचा डोळा लागला आणि गाडी रस्त्याकडच्या लिंबावर गेली. गणित तेच, 32 लाख. पण पॉलिसी लायबिलिटी ओन्ली असली तर कंपनी कैफियतीत एक पॅरा टाकते की खाजगी गाडीत फुकट बसलेला माणूस आमच्या जोखमीत येत नाही. आणि तो पॅरा टिकतो. लोकांना वाटतं मी फर्स्ट पार्टी, कंपनी सेकंड, बाकी अख्खं जग थर्ड. तसं नाहीये. 2006 ला स्कूटरवर मागं बसलेल्या माणसाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलं आणि पुढं कारच्या बाबतीत पण तेच धरलं गेलं. कायद्यानं सक्तीचा जो इन्शुरन्स आहे त्यात मालकाच्या खाजगी गाडीत मैत्रीखातर, नात्याखातर बसलेला माणूस मोडत नाही.

पॅकेज पॉलिसीत मात्र वाक्यच वेगळं आहे. तिथं लिहिलेलं असतं की कुठल्याही माणसाचा मृत्यू किंवा इजा, गाडीत बसलेले धरून, फक्त ते भाडं घेऊन बसवलेले नसावेत. एवढी एक ओळ. तरीसुद्धा कंपन्या कोर्टात भांडायच्याच, म्हणून इर्डानं, म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, 2009 ला परिपत्रक काढून सांगितलं की बाबांनो पॅकेज पॉलिसीत कारमधली माणसं आणि टू व्हीलरवर मागं बसलेला माणूस येतोच, आणि 2012 ला सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्का मारला. तेव्हापासनं फुल असली तर आमच्या ऑफिसात चष्मा खाली ठेवला जात नाही.

ह्यातली सगळ्यात वाईट गोष्ट पैशाची नाहीये. क्लेमच्या अर्जात गाडीचा मालक गैरअर्जदार नंबर एक असतो आणि कंपनी नंबर दोन. म्हणजे भावजयीला दिराविरुद्ध अर्ज करावा लागतो. फुल असली तर ते नावापुरतं असतं, दीर स्वतः तिला कोर्टात घेऊन येतो, बाहेर दोघं एकाच डब्यातलं खातात, कंपनी पैसे भरते आणि घर घरासारखं राहतं. पोलिसापुरता असली तर पहिल्या दोन तारखांना ते सोबत येतात. मग त्याला कुणीतरी सांगतं की बाबा ह्या केसमध्ये तुझी जमीन जायलीय, मग तो वेगळा वकील लावतो, आणि त्याचा वकील लिहून देतो की मयत आमच्या परवानगीशिवाय गाडीत बसले होते. हे वाक्य मी टाईप केलेलं नाही, समोरच्या बाजूनं आलेलं वाचलंय, पण ते त्या बाईला वाचून मला दाखवावं लागतं.

बरं, समोरच्या गाडीची चूक असली तर गोष्ट वेगळी, तेव्हा तिची थर्ड पार्टी आपल्या माणसांना लागू होते, कारण तिच्यासाठी आपण रस्त्यावरचेच. अडचण कधी, तर चूक आपल्याच ड्रायव्हरची असली की. आणि आमच्या रस्त्यांवर ही वेळ शोधत यावी लागत नाही. ऊस सुरू झाला की दिवाळीपासनं मार्चपर्यंत डबल ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, कुणी पंक्चर झाली म्हणून ट्रॉली तशीच रोडवर सोडून दगडं लावून जेवायला गेलेला. रेणापूरच्या पुढं रात्रीचं निघालं की रोही आडवं येतंय, रानडुकरं तर कळपानं. रोह्याची कसली कंपनी आणि कसली पॉलिसी. 164 कलमाखाली चूक कुणाची हे न बघता मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मागता येतात, पण ते पण आपल्याच गाडीच्या मालकाकडनं आणि कंपनीकडनं मागायचे, म्हणजे गाडी परत येऊन त्याच प्रश्नावर थांबते.

आता फुल काढली म्हणजे झोपा काढायला मोकळे असं पण नाही. लायसन लागतंच, ते पण चालवणाऱ्याचं, आणि मुदतीतलं. दारू प्यायलेली असली की कंपनी हात वर करते. पांढऱ्या पाटीची गाडी घेऊन लग्नसराईत भाडं मारायचं आणि परत म्हणायचं की पाहुणे होते, हे पोलिसांच्या जबाबात एक जण तरी खरं बोलतोच, माणशी किती ठरले ते सांगून मोकळा होतो. आणि आरसीवर बसायची संख्या 5 लिहिलेली असते, आपण नऊ जण कोंबतो, त्यात दोघं डिकीत. 2007 ला एका बसच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कंपनीची जबाबदारी जेवढ्या माणसांची परवानगी तेवढ्यापुरतीच. त्या पाचात आपण आहोत का डिकीतले, हे कोण ठरवणार.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी अजून एक बघावं. माझी स्विफ्ट 2014 ची, पेट्रोल, पुण्याच्या मामेभावाकडनं घेतलेली. नंबर एमएच 12 च राहिला पण नाव लगेच लावून घेतलं, आरसीवर पण आणि पॉलिसीवर पण. आमच्याकडं पुण्याहून आलेल्या कितीतरी गाड्या नाव बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन, ते कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून वर्षानुवर्षं पळतात, इन्शुरन्स मूळ मालकाच्याच नावानं रिन्यू होत राहतो. थर्ड पार्टी नव्या मालकाकडं आपोआप गेली असं कायदा धरतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम करायचा तर 14 दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. फुलचे पैसे भरून पोलिसापुरताच इन्शुरन्स मिळवायचा हा सगळ्यात सोपा रस्ता. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियममधली सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो, मामेभावाचे 50 टक्के त्याच्याकडंच राहिले आणि मी शून्यापासून सुरू केलं. 20, 25, 35, 45 करत आता 50 वर आलेय.

ह्या बोनसमुळं एक गंमत होते. फुल असून पण छोटा क्लेम करायला परवडत नाही. समजा बंपरचं बिल झालं 6,000. बंपर प्लास्टिक, त्याला 50 टक्के घसारा, राहिले 3,000, त्यातनं सक्तीचे 1,000 आपले, हातात 2,000. आणि त्या 2,000 साठी पुढच्या वर्षी 50 चा बोनस शून्यावर. माझा दाजी दर वर्षी हे गणित ऐकतो आणि दर वर्षी म्हणतो, "मग फुल काढून उपयोग काय?" त्याला वाटतं इन्शुरन्स म्हणजे वर्षाला एकदा गाडी फुकटात रंगवून घ्यायची सोय. झिरो डेप घेतलं तर घसारा कापत नाहीत हे खरं, पण माझ्या गाडीच्या वयाला ते कुणी देईना.

ओन डॅमेजच्या बाजूचं मला एवढंच महत्त्वाचं वाटतं की मोठं संकट आलं तर काय. आणि मराठवाड्यात संकट कुठनं येईल सांगता येत नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायची गरज नाही, पत्रे चाळणीसारखे झाले होते, बाहेर उभ्या गाड्यांचं काय होणार. पोलिसापुरता असली तर गारा, पूर, चोरी, आग सगळं आपल्या खिशातनं. फुलमध्ये काचेला घसारा लागत नाही, ते एक बरंय.

पाण्याचं तर विचारूच नका. ह्याच लातूरला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, घागरींच्या रांगा सगळ्या देशानं टीव्हीवर बघितल्या. तेव्हा मला कुणी म्हणलं असतं की गाडीच्या इंजिनात पाणी शिरण्याचा इन्शुरन्स काढ, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवला असता. आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये सीना, मांजरा, गोदावरी सगळ्याच पात्र सोडून बाहेर आल्या, धाराशिव, बीड, नांदेड, लातूर, कुणाला सोडलं नाही. पुलावरनं पाणी असताना गाडी घालायची आणि ती बंद पडली की परत सेल्फ मारायचा, हा आपल्याकडच्या पुरुष माणसांचा आवडता खेळ. पाणी इंजिनात गेलेलं असताना सेल्फ मारला की आतले रॉड वाकतात, आणि साध्या फुल पॉलिसीत सर्व्हेअर लिहून टाकतो की इंजिन पुरानं नाही, चालू करायच्या प्रयत्नानं गेलं, हे नुकसान आमच्यात बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. नसलं तर चावीला हात न लावता गाडी टो करून न्यायची, बाकी काही नाही.

जुनी गाडी म्हणजे स्वस्तात भागतं असं जे म्हणतात त्यांनी आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, बघावी. पाच वर्षांपर्यंत ती तक्त्याप्रमाणं उतरते, पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के ते पाचव्या वर्षी 50 टक्के, त्याच्यापुढं तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवायची. मिळून म्हणजे काय, स्क्रीनवर एक आकडा येतो, एजंट म्हणतो कमी करू का, प्रीमियम कमी बसेल. कमी करू नये. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात आणि आयडीव्हीतनं सक्तीची कपात करून पैसे देतात, मग तुम्ही गाडी कितीही जपलेली असो. शंभर-दीडशे वाचवायला माणूस तीस-चाळीस हजारावर पाणी सोडतो.

नवीन गाडीवाल्यांचा घोळ वेगळाच. 1 सप्टेंबर 2018 पासनं नवीन कारला थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांची घ्यावी लागते, ओन डॅमेज मात्र बहुतेकांचं एकच वर्षाचं असतं. शोरूमवाला फाईल हातात देतो, त्यावर तीन वर्षांनंतरची तारीख दिसते, माणूस निवांत. दुसऱ्या वर्षी गाडी ठोकली की कळतं, फुल केव्हाच संपली होती, राहिला तो पोलिसापुरता. आणि गाडीतल्या माणसांचं वाक्य पण तिच्याबरोबरच गेलेलं असायचा धोका, पॉलिसीच्या दोन्ही तारखा वाचल्याशिवाय कळत नाही. 2019 पासनं नुसतं ओन डॅमेज वेगळं घेता येतं, कुठल्याही कंपनीचं, पण ते घ्यायचं असतं हे लक्षात तर यायला पाहिजे.

तर यंदा माझ्या गाडीची तारीख आली आणि एजंटचा फोन आला. "मॅडम, अकरा वर्षाची झाली की गाडी, थर्ड पार्टी मारून टाकू का?"

मी म्हणलं, "दोन्हीचं कोटेशन पाठवा."

"कशाला पैसे घालायलेत मॅडम, मार्केटला किंमत काय तिची?"

"गाडीत बसलेल्यांचं काय?"

"मालक-चालकाचा 15 लाखाचा अपघात विमा आहे की त्यात, वेगळा घेतला की."

"तो माझा. मी चालवत असले तर. बाकीच्यांचं?"

तो बघून सांगतो म्हणला. माणूस चांगलाय, खोटं बोलत नाही, पण त्याला हा प्रश्न विचारलाच नाही कुणी. कोटेशन आलं, थर्ड पार्टी 3,416 आणि जीएसटी धरून 4,031, फुल त्याच्यापेक्षा दोन हजाराच्या आत जास्त, कारण बोनस 50 टक्के आणि आयडीव्ही 1,90,000. एकदा पोलिसापुरत्यावर उतरले आणि 90 दिवस गेले की हा बोनस पण गेला, आणि परत फुलवर यायचं तर गाडीचं इन्स्पेक्शन, फोटो, व्हिडिओ, सगळं नव्यानं. मी फुल घेतली. वर पॅसेंजरचा अपघात विमा मागितला, नाव न लिहिता सीटवर असतो, माणशी जास्तीत जास्त 2 लाखाचा. ते पैसे कमी वाटतात पण त्याला कोर्ट लागत नाही, चूक कुणाची हे लागत नाही, आणि पहिल्या महिन्यात घरात पैसे कशाला लागतात हे मी रोज बघते. इंजिन प्रोटेक्ट मिळालं नाही. मग पुलावर पाणी असलं की मी अलीकडंच थांबणार, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.

सगळ्यांनी फुलच काढावी असं मी म्हणत नाही. आबांची मारुती 800 आहे गावाकडं, पत्र्याच्या शेडमध्ये, ती ते स्वतःशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत आणि त्यात कुणी बसायला पण तयार नसतं, कारण मागच्या सीटवर कायम पेंडीचं पोतं. घर ते शेत, शेत ते घर. तिला 2,094 चा थर्ड पार्टी आणि आबांचा स्वतःचा 15 लाखाचा, बास. त्यांचं लायसन मात्र मुदत संपायच्या आत रिन्यू करून आणलं, नाहीतर त्या 15 लाखाचा काही अर्थ नव्हता.

अडचण दादाची आहे. दादाकडं बोलेरो आहे, सात सीटची, आणि भावकीतलं कुठलंही लग्न, कुठलाही दवाखाना तिच्याशिवाय होत नाही. लोन फिटलं त्या वर्षीच त्यानं फुल सोडली. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, तक्ता दाखवला, त्याच्या पॉलिसीतली शून्याची बाजू बोट ठेवून दाखवली, 32 लाखाचं गणित करून दाखवलं. वहिनी पोळ्या लाटता लाटता थांबून ऐकायलती. दादानं पण नीट ऐकून घेतलं, मधी बोलला नाही, शेवटी विचारलं, "म्हणजे माझ्या गाडीत माणसं बसवायची नाहीत म्हणतीस?"

मी म्हणलं, "असं नाही, फुल काढ म्हणतेय."

"अन् तुझी फुल आहे?"

"हो."

"मग सोप्पं आहे की बाई," दादा म्हणला, "तेराला मामाच्या इथं हळद आहे, माणसं तुझ्या गाडीत घाल. बोलेरोत आम्ही भांडी नेतो."